पाऊण इंचाचा फर्मा

बाबूजी, ‘फर्मा नाई चुकला वं, तू पाह्यलं नाई,’ असं तुम्ही मला म्हणाला होतात. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तुम्ही जाऊनही आता सतरा वर्षं झाली, आणि गेला आठवडाभर हे एवढंच वाक्य माझ्या डोक्यात फिरतं आहे. वाक्य अवघड नाही, त्याचा अर्थ मला तेव्हाही कळला होता. कळत नाही ते पुढचं. त्यानंतर वर्षभरात तुम्ही तोच फर्मा स्वतःच्या हाताने करवतीने कापलात. न चुकलेली वस्तू तुम्ही का कापलीत, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि आता मला त्याच उत्तराची गरज पडली आहे.

लकडगंजातल्या लाकूड कापायच्या आरामशीनच्या मागे तुमचं पत्र्याचं शेड होतं. शाळा सुटली की मी तिथे येऊन बसायची, सलईच्या फळ्यांच्या थप्पीवर दप्तर टेकवून. सलईला तो धुपासारखा वास असतो. माझ्या वह्यांनाही तो लागलेला असायचा आणि वर्गातल्या मुली विचारायच्या, तुमच्या घरी रोज पूजा असते का. फर्मा म्हणजे फळ्या बसवायची लाकडी चौकट. तिच्यात फळ्या टाकायच्या, खिळे ठोकायचे, की प्रत्येक पेटी त्याच मापाची निघते. पूर्वी तुमच्याकडे एकच फर्मा होता. मग काचेच्या बरण्यांचा साचा बदलला, बरण्या थोड्या बारीक झाल्या, आणि तुम्ही पाऊण इंच लहान असा दुसरा फर्मा केलात. सगळी गिऱ्हाइकं नव्या मापावर आली. राहिल्या त्या सक्करदऱ्याच्या लोणचेवाल्या मावशी. त्यांच्या जुन्या बरण्या लोणचं संपलं की त्यांच्याकडेच परत यायच्या, त्यामुळे त्यांना नव्या घ्यायची गरजच नव्हती. वर्षातून दोनदा त्या यायच्या, बाहेरगावी लोणचं पाठवायला सहा पेट्या न्यायच्या. त्या सहा पेट्यांसाठी तुम्ही जुना फर्मा भिंतीवर ठेवला होता, आणि चुकू नये म्हणून त्याच्यावर लाल रंगाची रेघ ओढली होती.

त्या दिवशी तुम्ही बाहेर गेला होतात. तुमच्या हाताखालच्या मिस्त्रीने फळ्या मोजता मोजता हाक मारली, ‘पोरी, फर्मा दे वं इकडे.’ मी फर्मा दिला, त्याने न पाहताच तो पालथा टाकला. एका सरबतवाल्याच्या चाळीस पेट्या त्याच्यावर तयार झाल्या, बरण्यांभोवती भाताचं तणस घालून भरल्या आणि ट्रकमध्ये चढल्या. बरण्या वाटभर आत हिंदकळत गेल्या. चार दिवसांनी सरबतवाला शेडमध्ये आला तेव्हा त्याच्या हातात एक फुटकी बरणी होती. त्याने ती नुसती तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही पेटी मागवली, टेप लावला आणि माझ्याकडे पाहिलंत. मिस्त्री म्हणाला, ‘पोरगी हाये, जाऊ द्या.’ मी रडायच्या बेतात होते. मी म्हटलं, ‘मंग तो जुना फर्मा फेकून द्या न. एका बाईसाठी ठेवता काहून?’ तेव्हा तुम्ही ते वाक्य म्हणालात. आवाज चढवला नाहीत. मग त्या चाळीस पेट्या तुम्ही आणि मिस्त्रीने पुन्हा केल्या आणि मला एक खिळासुद्धा उचलू दिला नाहीत. ती शिक्षा होती की दया, हेही मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्हाला सांगायचं राहिलं, मीही पेट्याच करते. तुम्ही होतात तेव्हा मला माझं काम तुम्हाला धड समजावता येत नसे. आता येईल असं वाटतं. एक प्रोग्राम एका संगणकावर नीट चालतो आणि दुसऱ्यावर नेला की अडतो, कारण त्याला लागणाऱ्या बारीकसारीक गोष्टी तिथे नसतात. म्हणून तो प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका पेटीत भरायचं. पेटी कुठेही उघडा, आत सगळं जसंच्या तसं. त्या पेटीला कंटेनर म्हणतात, आणि या पेट्या बांधणाऱ्या, उघडणाऱ्या, बंद करणाऱ्या यंत्रणेला कंटेनर इंजिन. मी ज्या इंजिनावर काम करते ते ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा सगळा कोड जगासमोर उघडा आहे, कुणीही घ्यावा, बदलावा, दुरुस्ती करून आमच्याकडे पाठवावी. आम्ही सातआठ जण ती तपासतो आणि बरी असली तर आत घेतो. आम्ही एकमेकांना कधी भेटलेलो नाही. आणि हे काम संपत नाही, बाबूजी. तुमची पेटी शेवटचा खिळा ठोकला की संपायची. आमच्या पेटीत लोकांचा माल भरलेला असतो आणि त्याच वेळी आम्ही तिच्या फळ्या बदलत असतो.

आई आता माझ्याजवळ मनीषनगरला असते. दुपारी जेवण झालं की माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत येऊन बसते. परवा विचारत होती, ‘काय करून राहिली वं सकाळपासून?’

‘पेटी दुरुस्त करून राहिली.’

‘कुठं हाये? मले तं नाई दिसत.’

‘दिसत नाई ते, आई.’

‘मंग तिच्यात लोणचं तं ठेवता येत नसन,’ ती म्हणाली आणि स्वतःच हसली. ‘तुह्या बाबूजीची पेटी बसाच्या तरी कामी येत होती.’

तर आमच्याकडेही दोन फर्मे आहेत. जुन्या संगणकांवर इंजिन चालावं म्हणून एक जुनी वाट आहे, नऊ वर्षांपूर्वी ती बरीचशी मीच बांधली. नव्या संगणकांसाठी वेगळी वाट आहे आणि आता जवळजवळ सगळे तीच वापरतात. प्रत्येक दुरुस्ती दोन्हीकडे करावी लागते. दोन महिन्यांपूर्वी आमच्यातल्या एकाने नव्या वाटेची दुरुस्ती चुकून जुन्या वाटेत घातली, आणि कितीतरी लोकांचे कंटेनर बंदच होईनात. त्याला सगळे बोलले. मला मात्र त्याला बोलायचा अधिकार आहे असं वाटलं नाही. त्यानंतर प्रस्ताव आला की पुढच्या आवृत्तीत जुनी वाट काढून टाकावी. आमच्याकडे एक रीत आहे, ज्याने एखादा भाग सांभाळला त्याच्या होकाराशिवाय तो काढत नाहीत. म्हणून सगळे माझ्या होकारासाठी थांबले.

मी लगेच होकार दिला असता. पण त्याच चर्चेत एका माणसाने माझं नाव पाहून मराठीत लिहिलं. आपल्याच विदर्भात एका तालुक्याच्या गावी तो माती आणि पाणी तपासण्याची लहानशी प्रयोगशाळा चालवतो. त्याचं तपासणीचं यंत्र जुनं आहे, ते करणारी कंपनी बंद पडली, आणि ते यंत्र एका जुन्या संगणकाशिवाय कुणाशी बोलत नाही. त्या संगणकावर आमच्या इंजिनात त्याचा अहवालाचा प्रोग्राम चालतो. ‘मॅडम, ते जुनं काढू नका,’ त्याने लिहिलं होतं. ‘यंत्र म्हातारं आहे पण आकडे बरोबर देते. लोकं माती घेऊन येतात, त्यायले परत कसं पाठवू?’ जुनीच आवृत्ती वापरत राहा म्हणावं, तर पुढच्या दुरुस्त्या त्याला मिळणार नाहीत. अहवाल पाठवायला त्याचा संगणक इंटरनेटला जोडलेला आहे, आणि एखादं भोक राहिलं तर त्यातून कोण आत शिरेल सांगता येत नाही.

मी हे बाकीच्यांना समजावून सांगितलं. ते कठोर लोक नाहीत. एकाने फार नम्रपणे उत्तर दिलं की कोड तर उघडाच आहे, ज्याला जुनी वाट हवी त्याने ती आपल्याकडे घ्यावी आणि सांभाळावी, त्याला कुणी अडवत नाही. आमच्यात हे नेहमी म्हटलं जातं. मीही कितीदा म्हटलं आहे. ते खरंही आहे. या वेळी मात्र ते वाचून मला एक कागद आठवला.

पण आधी ती सकाळ. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी शेडमध्येच होते. तुम्ही भिंतीवरून जुना फर्मा काढलात, सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलात आणि लाल रेघेच्या बरोबर मधून करवत घातलीत. मिस्त्री खाली मान घालून खिळे सरळ करत बसला होता. पंधरा दिवसांनी मावशी आल्या, रिक्षात बरण्यांची गोणी घेऊन. तुम्ही म्हणालात, ‘बाई, ते पेटी आता नाई होत.’ त्या म्हणाल्या, ‘काहून, भाऊ? लाकूड नाई काय?’ तुम्ही म्हणालात, ‘लाकूड हाये. फर्मा नाई.’ त्यांनी भिंतीकडे पाहिलं, तिथे खिळा तसाच होता. तुम्ही त्यांना शेडच्या दाराशी नेलंत, काहीतरी बोललात, खिशातून एक कागद काढून दिलात. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा पत्ता असेल.

तो पत्ता नव्हता हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. मावशी आपल्या घरी भेटायला आल्या होत्या, खूप थकल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, ‘भाऊनं मले माप लिहून देल्लं होतं वं. सारं, फळीची जाडी, खिळे कुठं माराचे, सारं. अजून हाये तो कागद.’ मी विचारलं, ‘मग करून घेतल्या का पेट्या?’ त्या म्हणाल्या, ‘कोण करते? सहा पेट्यांसाठी फर्मा बांधा म्हटलं का हासते मिस्त्री लोकं. मंग बंद केलं बाहेरगावी पाठवणं. घरूनच विकलं जे विकलं ते.’ आणि मग, ‘पण त्यायनं लिहून तं देल्लं. तेवढं कोण करते?’ बाबूजी, त्या तुमचं कौतुक करत होत्या की तक्रार, मला कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून दोन्ही वाटत होतं.

या आठवड्यात मी आईला विचारलं, बाबूजींनी तो जुना फर्मा का कापला. ती म्हणाली, ‘वाळवी लागली होती त्याले.’ मी कापलेलं लाकूड पाहिलं होतं, आतून ते स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘शेडमंधी जागा कुठं होती?’ भिंतीवर टांगलेल्या चौकटीला कसली जागा लागते. मग ती माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाली, ‘तुले काहून पाह्यजे आता?’ मी विषय बदलला. तिसरं उत्तर ऐकायची मला भीती वाटली.

आज दुपारी मी होकार दिला. दोन वाटा असल्या की कुणाच्या तरी हातून पुन्हा चूक होणार, हे मला पटतं. निदान लिहिताना पटत होतं. मग प्रयोगशाळेच्या माणसाला मी लांबलचक उत्तर लिहिलं. जुनी वाट आपल्याकडे कशी ठेवायची, कुठली दुरुस्ती कशी उचलायची, एकेक पायरी, काही सोडलं नाही. लिहिताना मला वाटत होतं की मी चांगलं काहीतरी करते आहे. तासाभरात त्याचं उत्तर आलं. ‘ठीक आहे मॅडम. इथं हे करणारं कोणी नाही, पण तुम्ही लिहून दिलं, धन्यवाद.’ ते वाचून मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी पुसत बसले. त्याच्यासाठी जुनी वाट मीच सांभाळीन असं म्हणायला हवं होतं का? एका माणसासाठी, किती वर्षं? तुम्ही मावशींना कागद दिलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं का, की त्या सहा पेट्या कुणी करणार नाही? माहीत असून दिलात, की खरंच वाटलं होतं कुणीतरी करील? कधी वाटतं मी अगदी तुमच्यासारखं वागले, आणि लगेच वाटतं की तुमच्यासारखं वागणं नेमकं कुठलं, तो फर्मा एवढी वर्षं ठेवणं की तो कापणं.

हे पत्र आईला वाचून दाखवावं असं मनात आलं होतं. दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिलाही माहीत नाही. त्या दिवशी मी पाहिलं होतं, बाबूजी. लाल रेघ मला दिसली होती. नवा फर्मा थप्पीच्या मागे उंच टांगलेला होता आणि त्याच्याजवळ भिंतीवर पाल होती. पाऊण इंचाने काय होतं, असं मनात म्हणून मी हाताशी होता तो उतरवून दिला. तुम्ही ‘पाह्यलं नाई’ म्हणालात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी गप्प राहिले. तुम्हालाही ते कळलं होतं का, आणि म्हणून तुम्ही मला न रागावता करवत घेतलीत का, याच्यापुढे मी विचार करू शकत नाही.

तर एकदाच म्हणा की तुम्ही तो फर्मा माझ्यामुळे कापला नाही. खोटं असलं तरी चालेल. तुम्ही म्हणणार नाही, मला माहीत आहे. ओल्या फळीला तुम्ही गिऱ्हाइकासमोरसुद्धा कधी वाळलेली म्हटलं नाहीत. तरी म्हणा.