बोअरच्या बाजूचे घर

मी, यमुनाबाई विश्वनाथ देऊळगावकर, वय शहात्तर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावे.

घराच्या वाटणीत धाकटे दीर दत्तोपंत यांनी महापालिकेचा नळ असलेली बाजू घेतली आणि बोअरची आम्हाला दिली. "वहिनी, बारमाही पाणी! मजा आहे तुमची." त्या पाण्याच्या क्षारांनी तोट्या पांढऱ्या होऊन गच्च बसतात, डाळ शिजत नाही. तेव्हापासून मी नळ खोलते, जाळ्या लिंबूसत्त्वात भिजवते, जुन्या टूथब्रशने घासते, वायसर बदलते. माझी जिंदगी त्यात गेली.

ही बाजू मुलगी स्वरदा हिला. अट एकच, दत्तोपंतांना किंवा त्यांच्या वारसांना विकायची नाही.

मुलगा मिहिर पुण्याहून फोनवर सांगतो, "आई, कशाला घासत बसतेस? नवे बसव ना." त्याने पाठवलेला महागडा नळ खोक्यातच आहे, तो त्याला परत द्यावा. पाणी तेच, तर नळ नवा काय नि जुना काय! त्याने काकांना घर विकायचे परस्पर ठरवले, हेही मला दत्तोपंतांकडूनच कळले. "व्यवहार झाला की भिंतीतून पाइप टाकू, वहिनी. तासाभराचं तर काम." तासाभराचे काम! आणि मी इतकी वर्षे पिण्याच्या पाण्यासाठी हंडा घेऊन दत्तोपंतांच्या दारात उभी राहिले.

पान्हे आणि वायसरचा डबा समोरच्या सुलेखाला. "काकू, तुमी लई चिवट बघा," म्हणत तिने माझ्याकडून नळ खोलायला शिकून घेतले. पोटच्या पोराला ते सुचले नाही.

यजमान गेले त्या दिवशी दत्तोपंतांकडे नळाला पाणी आले होते. "नळाचं पाणी दे गं घोटभर," म्हणाले. मी दोन्ही बाजूंमधले दार ठोठावले. दत्तोपंत आतूनच म्हणाले, "मोटर चालू आहे, वहिनी. टाकी भरू द्या." मी बोअरचे पाणी चमच्याने घातले. शेवटचा घोट त्यांनी तोंड वाकडे करून गिळला.

माझ्या शेवटच्या वेळी दत्तोपंत नळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन येतील, लोकांना दाखवायला का होईना. स्वरदाने दार उघडू नये.

सही: यमुनाबाई वि. देऊळगावकर
आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार: डॉ. करुणा वाघमारे, इंद्रजीत मगरे
छत्रपती संभाजीनगर, १४ मे २०२५