माझ्या नावावर एक लढाऊ विमान

रियाध

ती. श्रीकांतमामांना,

यतीनचा इथूनच वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामी म्हणाल्या, हल्ली तुम्ही जिना चढता आणि वर गेल्यावर कशाला आलो ते विसरता. म्हणजे गुडघा बरा आहे. मीही खुशाल आहे. किशोरीच्या लग्नाची पत्रिका मिळाली. नवरदेवाचा कान पिळायचा मान भावाचा, म्हणून मी सहा महिने आधीच रजेचा अर्ज टाकला होता. तो अडकला आहे. का अडकला हे फोनवर सांगितलं तर तुम्ही हसाल आणि शेजारी बसलेली आई रडेल, म्हणून हे पत्र, मुंबईला निघालेल्या एका मित्राच्या हाती.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहेच. लोकांचे कॉम्प्युटर बिघडतात, ते तक्रार नोंदवतात, मी फोनवरून उपाय सांगतो. (उपाय एकच: बंद करून पुन्हा चालू करा. माझं चार वर्षांचं इंजिनिअरिंग या एका वाक्यात मावतं.) गेल्या महिन्यात हवाई दलाच्या एका तळावरच्या कार्यालयांचं काम आमच्याकडे आलं आणि पहिल्याच रविवारी कॅप्टन नायफ नावाच्या गृहस्थांची तक्रार आली, की कॉम्प्युटर सुरू होताना अडकतो. मी फोन लावला. किती जुना, विचारलं. वीस वर्षांचा म्हणाले. म्हटलं, साहेब, त्याला आता निवृत्त करा. ते म्हणाले, वर कळवलंय. कॉफीबिफी सांडली का? छे, इथे कप ठेवायला जागाच नाही. मग टेबल जरा पुढे ओढा आणि मागची वायर बघा. टेबल नाही म्हणाले. बरं, आजूबाजूला आहे तरी काय? तर म्हणे, डाव्या पंखाखाली एक क्षेपणास्त्र आहे.

मामा, माणूस लढाऊ विमानात बसून माझ्याशी बोलत होता हो! (जमिनीवर, हँगरमध्ये. आईला हे आवर्जून सांगा.) त्यांचे खरे इंजिनिअर यायला वेळ होता, बसून कंटाळा आला, म्हणून गड्यानं आमच्याकडे तक्रार टाकून पाहिली होती. मी मुकाट्यानं फोन ठेवायचा, तर जित्याची खोड! म्हटलं, बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा. आणि झालं ना चालू!

इथपर्यंत पराक्रम. पुढे माती खाल्ली. तक्रार मिटवताना बिघाडाचं कारण लिहावं लागतं, त्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. आम्ही सगळे डोळे झाकून एकच लिहितो, वापरणाऱ्याची चूक. मीही लिहिलं. ते थेट कॅप्टनच्या वरिष्ठांकडे गेलं. अठरा वर्षं विमान उडवणाऱ्या माणसाकडे लेखी खुलासा मागितला गेला, आणि 'समाधान झालं' हे बटण दाबायला त्यानं साफ नकार दिला. तक्रार उघडी असेल तर रजा नाही, हा आमचा नियम. आमचे मॅनेजर नसरुद्दीनभाई (आपल्या दापोलीकडचे) म्हणाले, "बाबा, तुझ्या नावावर विमान उघडं हाय. आधी ते खलास कर, मग लग्नाला जा."

शेवटी काल माफी मागायला गेलो. तळाच्या फाटकाशेजारच्या खोलीत कॅप्टननं गहवा, म्हणजे इथली वेलचीची कॉफी, पाजला, खजूर दिले, आईची, तुमची, तुमच्या गावाची चौकशी केली. पाऊण तास विमानाचा विषय नाही. (पेला हलवून 'पुरे' म्हणून दाखवावं लागतं, हे मला सहाव्या पेल्याला आठवलं.) मग मी सरळ सांगून टाकलं, की चूक माझी, सवयीची, धाकट्या बहिणीचं लग्न आहे, वडील नाहीत, तिच्या पाठीशी उभा राहायला मीच. तो नुसता इन्शाअल्लाह म्हणाला. इथे इन्शाअल्लाह म्हणजे हो की नाही, हे सहा वर्षांत मला कळलेलं नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा,
यतीन

ता. क. आता खरं काम. मुहूर्त आठ दिवस पुढे ढकलता येईल का? मुलाकडच्यांना काहीही कारण सांगा, विमान सोडून. पण माझ्याशिवाय तिचं लग्न लावू नका हो.

ता. क. २. काही ढकलू नका! पाकीट चिकटवतोय तोच नसरुद्दीनभाई धावत आले. कॅप्टननं बटण दाबलं, रजा मंजूर. माझं कारण त्यानं खोडायला लावलं आणि विमानाच्या बिघाडाचं कारण म्हणून स्वतः लिहून दिलं: बहिणीचं लग्न. कॉम्प्युटरनं ते निमूट मान्य केलं.