कोणी सांगितलं होतं तुला

१२ मार्च

धाकटा जिवंत आहे. आधी एवढंच लिहून ठेवते.

दुपारी त्याच्या घरी शिवलेले पडदे द्यायला गेले होते. भावजय भांडी घासत होती. म्हणाली, "हे झोपलेत, ताई." पण आतून आवाज येत होता – घशात पाणी अडकल्यासारखी घरघर. झोपलेला माणूस असा घोरत नाही. आत गेले तर ओठ निळे, नखं निळी. हाका मारल्या, छातीवर मुठीनं रगडलं. काही नाही. पर्समध्ये बाळगते तो नॅलोक्सोनचा, जास्त झालेली नशा उतरवणारा फवारा काढून नाकात मारला. भावजय दारात नुसती उभी, म्हणून ॲम्ब्युलन्सला फोनही मीच लावला. मग तोंडाला तोंड लावून श्वास देत राहिले. त्याची छाती वर-खाली व्हायची ती माझ्याच हवेनं. दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. तेव्हा कुठे बुडता माणूस वर यावा तसा एक श्वास त्याने स्वतःचा घेतला.

नव्या पडद्यांवर ओकला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कोणी सांगितलं होतं तुला?"

१३ मार्च

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई सांगत होत्या, फवाऱ्याचा असर उतरला की श्वास परत बंद पडू शकतो, इथेच राहू द्या. कसाबसा एक रात्र राहिला. सकाळी स्वतःच्या जबाबदारीवर सही ठोकून घरी.

अंगभर कळा, घाम आणि तोंडात शिव्या. गॅरेजमध्ये जॅक सरकला, पाठ मोडली, दुखण्याच्या गोळ्या लागल्या, पुढे गोळ्या पुरेनात म्हणून नशेची पावडर – यातलं मी काय केलं? पण शिव्या मला.

आई फोनवर म्हणाली, "देवासारखी धावलीस गं." देवाला शिव्या खाव्या लागतात का, ते विचारलं नाही.

१५ मार्च

भावजय माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. नवरा वाचवला हिचा – निदान बस तरी म्हणावं. व्यसनमुक्ती केंद्रातून नवा फवारा आणून तिच्या हातात दिला. तिने तो फ्रिजवर ठेवला, मेलेलं झुरळ उचलून ठेवावं तसा.

कृतघ्न बाई. लिहिलं एकदाचं.

१८ मार्च

केंद्रात भरती होतो म्हणाला. संध्याकाळी नाही म्हणाला. पडदे तीनदा धुतले, वास जात नाही.

२१ मार्च

भावजयीचा फोन. हलक्या आवाजात, पण सरळ बोलली.

"ताई, तुम्ही यायच्या आधी मी आत डोकावले होते. ओठ बघितले होते. मग येऊन नळ सोडला आणि भांडी घासायला लागले. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून."

ती रडत नव्हती.

"आईंना सांगाल?"

नाही म्हटलं. मग विचारलं, "जेवलीस का?"