माशांचं शिळं पाणी

३ फेब्रुवारी, मंगळ.
धंतोलीच्या दवाखान्यात बायकोचा, सुमनचा, नववा दिवस. पोटाचं ऑपरेशन झालं, पुढचं डॉक्टर नीट बोलत नाहीत. आणि या बाईसाहेबांना काळजी घरच्या सहा गोल्डफिशची. काचेच्या पेटीतलं अर्धं पाणी बदला म्हणाली. पाणी उपसायला तोंडाने नळी ओढली, घोटभर घाण पाणी पोटात. सु.ला सांगितलं. टाके दुखेपर्यंत हसली.

५ फेब्रु.
पेटीचा तळ उपसायला बाटलीचं बूड कापलं. झाकणाला तापल्या खिळ्याने भोक, त्यात गवंड्यांची लेव्हलची नळी. आधी नळीत पाणी भरायचं, अंगठ्याने दाबायचं, मग सोडायचं. मळ वर चढतो, खडे खाली राहतात. घोडं गंगेत न्हालं. जन्मभर कारकुनी केली. हाताने बनवलेली ही पहिली वस्तू.

७ फेब्रु.
नवं पाणी ओतलं की मासे बिचकतात. सु.च्या उशाशी सलाईन बघत बसलो होतो. चकती फिरवली की धार कमी-जास्त. मेडिकलमधून सलाईनचा कोरा सेट आणला, बादली स्टुलावर, नळी पेटीत. जमलं.
सु.ने बजावलं, "नळाचं ताजं टाकू नका जी. त्यात जंतू मारायचं औषध राह्यते, माशाले सोसत नाही. दोन दिवस बादलीत शिळं होऊ द्या."

१० फेब्रु.
डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. परवा घरी न्या म्हणाले. आवडेल ते खाऊ घाला.
सु.ला फक्त सुट्टी मिळाल्याचं सांगितलं. खूश झाली.

११ फेब्रु.
सकाळी नळ आला. नळ आला की कालचं ओतायचं, ताजं भरायचं, ही आईने लावलेली सवय. डोकं ठिकाणावर नव्हतं, हात चालत होते. माशांसाठी शिळं ठेवलेल्या पाण्याच्या बादल्याही ओतल्या, भरल्या. उद्या ती येणार, काच चमकली पाहिजे, म्हणून अर्ध्याऐवजी जवळजवळ सगळंच पाणी बदललं. पेटीवर सलाईनची धार चालू ठेवून दवाखान्यात गेलो.
संध्याकाळी पाच मासे उलटे. काढता काढता रडलो. केबिनमध्ये रडलो नव्हतो.

१२ फेब्रु.
सु.ला ऑटोने हुडकेश्वरला घरी आणलं. चप्पल न काढताच पेटीपाशी गेली. एकच मासा. थाप तयार होती, पण जमली नाही. बादल्यांचं सगळं सांगितलं. डॉक्टरांचं नाही.
तिने काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "मी नसल्यावर याले तरी शिळं पाणी द्याजा."
काहून असं बोलते, विचारायचं धाडस झालं नाही.

१३ फेब्रु.
नळ आला. दोन बादल्या भरल्या, खडूने तारीख घातली, वर परात झाकली. परवा बदलायचं. चकती किती फिरवायची ते सु. पलंगावरून सांगणार आहे.
आज दोन घास वरणभात जेवली.