आत्याबाई, तीळ कोणत्या गालावर होता?

प्रिय आत्याबाई,

"मले काय पाहून राह्यली वं? वांगं पाय, वांगं!"

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तुम्ही मला हे म्हणाला होतात. मागच्या पडवीत बसून तुम्ही बाजारासाठी वांगी निवडत होतात, आणि चिखलीहून चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन आलेली तुमची नवी सून उंबऱ्यात बसून गुपचूप सासूचा चेहरा काढत होती. कपाळ झालं होतं, नाकापर्यंत पोचायचं होतं. तुम्ही मान वर न करताच मला पकडलंत!

"काढू द्या ना, आत्याबाई."

"नोको. चित्र काढलं का माणूस भितीवर जाते. मंग हार, मंग उदबत्ती. मले एवढी घाई नाई."

आणि हसत हसत वचनही घेतलंत. मी आहे तवरी माहं तोंड काढायचं नाई. मी हो म्हणाले. एकवीस वर्षं पाळलं.

येत्या बुधवारी तुम्हाला जाऊन वर्ष होईल. बैठकीत मामाजींच्या फोटोशेजारी खिळा ठोकून झालाय. तुमच्या लेकीनं, मंगलाताईंनी, बुलढाण्याहून काचेची फ्रेम आणलीय. फ्रेममध्ये लावायला मात्र तुम्ही नाही आहात. म्हणून हे पत्र लिहायला बसलेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, कुणाचंही पत्र आलं की मीच वाचून दाखवायची. त्या सवयीनं हेही लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतेय. दुपारची वेळ आहे, हे शेतात, पोरगी नागपूरला होस्टेलवर. ऐकून हसायला घरात कुणी नाही.

किती लपलात हो तुम्ही! आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तुम्ही सगळीकडे आहात, पण कुठे पाठमोऱ्या, कुठे पदराआड, कुठे कुणाला तरी वाढायला वाकलेल्या. मोबाइल आले तेव्हा हात आडवा धरायला शिकलात. नातीनं चोरून काढलेल्या फोटोत नुसता तळहात आहे, मेथीनं हिरवा झालेला. राहता राहिलं आधार कार्ड. त्यातल्या तुम्ही अशा दचकलेल्या की जणू कुणी चोरीचा आळ घेतलाय.

यांनी तेच कार्ड फोटो स्टुडिओत नेलं. आठवड्यानं फोटो आला. तुमचं डोकं, आणि खाली कुणा परक्या बाईचं धड! अंगावर पैठणी, गळ्यात हा एवढा हार, मागे निळं आभाळ. मंगलाताईंनी पाहिलं आणि रडायलाच लागल्या. "हे माही माय नोहे," म्हणाल्या. मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "जोती, तू चित्रं काढतं ना वं? जगाचं काढतं. मायचं काढ."

मी कागद घेऊन बसले. आता वचनही आड येत नव्हतं. पण गालापाशी हात थांबला. तुमच्या गालावर तीळ होता, तो कोणत्या बाजूला?

"डाव्या," हे म्हणाले.

"डाव्या कुठचा? उजव्या!" मंगलाताई म्हणाल्या. "लेका, दोन वर्सं पेला तू मायचं दूध अन् तुले तीळ नाई माईत?"

"तुले माईत आहे तं मंग तूच काढ."

दोघं भांडत राहिली, मग कार्ड खिडकीशी नेऊन पाहिलं. आधार कार्डावर तो तीळ दिसतच नाही. आत्याबाई, तुमच्या पोटची दोन लेकरं, आणि एक मी. डोळ्यांवरच जिचं पोट, अशी बाई. तिघांपैकी एकालाही ठाऊक नाही. तुमच्या हातचं खाताना आम्ही कुणी कधी वर पाहिलंच नाही का?

तुमचे हात विचाराल तर डोळे मिटून काढते. उजव्या अंगठ्याचं चिरलेलं नख. रेशनच्या मशीनवर ज्यांचे ठसे उमटत नव्हते ती घासलेली बोटं. जुड्या बांधायची ओली सुतळी दातांत धरली की मानेची एक शीर ताठ व्हायची, ती शीरसुद्धा. चपला, विळा, डोक्यावरची चुंबळ. तुमच्या भोवतीचं सगळं माझ्या वह्यांमध्ये आहे. मधली जागा तेवढी कोरी आहे.

पण हेही खरं की तुम्ही तोंड काढू दिलं नाही म्हणून मी वांगी काढायला लागले. दुसरं समोर होतंच काय? आपल्या गावी, देऊळघाटात, येणारा प्रत्येक पाहुणा मला सांगायचा, लोणारचं सरोवर काढा, खपेल. मी आपली वांगी, शेपू, मुळ्याची माती काढत बसले. पहिलं नीट जमलेलं चित्र तुम्हाला दाखवलं होतं, आठवतं? वाटलं, आता शाबासकी मिळेल. तुम्ही कागद उजेडात धरलात आणि म्हणालात,

"शिळं आहे हे."

"काय?"

"वांगं. दोन दिवसाचं आहे. देठ पाय ना, कसं आक्रसलं."

खरंच ते वांगं दोन दिवस फळीवर पडून होतं! मला राग आला आणि मग इतकं हसू आलं. त्यानंतर कुठल्याही परीक्षकाची मला भीती वाटली नाही. सकाळी तोडलेल्या वांग्याचा जांभळा वेगळा, दुपारचा वेगळा, पाणी मारलेल्याचा वेगळा, हे मला कुठल्या कॉलेजात कळलं नाही. रोज पहाटे तुम्ही एखादं उचलून म्हणायच्या, "हे पाय, आज काय चमकून राह्यलं!" तीच टोपली, तेच झाड, आणि तुम्हाला रोज नवल.

गेल्या महिन्यात एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता रोजच्या जगण्यातला आनंद. मी देठाचं सांगितलं, तीन जांभळ्यांचं सांगितलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाली, मॅडम, तुम्ही किती सुखी असाल! मी हो म्हणाले. तुमचं सगळं माझं म्हणून सांगून आले, नावही घेतलं नाही. घरी येऊन कुलूप काढलं, हातपाय धुतले, आणि टोपलीतलं एक वांगं उचलून मोठ्यानं म्हटलं, "हे पाय." पुढं काय म्हणायचं ते सुचेना. वर्षभर मी रंगाची डबी उघडली नाही, आत्याबाई. पाहायला येतं अजून. दाखवायला कुणी नाही.

आता जे सांगायचं होतं ते.

तुमच्या शेवटच्या थंडीत, अंथरूण धरायच्या थोडं आधी, एका सकाळी मी पडवीत बसून वहीत कोथिंबिरीची जुडी काढत होते. तुम्ही आतून आलात. केस विंचरलेले, नवं हिरवं पातळ नेसलेलं, मामाजी असताना कपाळ भरून कुंकू लावायच्या त्या जागी बुक्का. बाजाराचा दिवस नव्हता, कुठं जायचंही नव्हतं. तुम्ही माझ्यासमोर भिंतीला टेकून बसलात. हातात काही काम नाही. हातात काम नसलेलं तुम्हाला मी त्याआधी पाहिलंच नव्हतं! खूप वेळ बसलात. मला वाटलं, ऊन खायला आल्या असतील. मी वचनाची पक्की, मग मान वर केली नाही. पान पान काढत राहिले.

उठताना गुडघ्यावर हात ठेवून तुम्ही विचारलंत, "झालं का वं चित्र?"

"होत आलं," मी म्हणाले, कोथिंबिरीबद्दल.

"बरं," म्हणालात आणि आत गेलात. पातळ बदलून जुनं नेसलात.

आत्याबाई, तुम्ही बसायला आला होतात का? माझ्यासाठी? मग तोंडानं का नाही सांगितलंत? एरवी शिळं वांगंसुद्धा तोंडावर सांगणारी तुमची जीभ, त्या दिवशी कुठं गेली होती? की तुम्ही खरंच ऊन खायलाच आला होतात आणि वर्षभर मी उगाच स्वतःला खातेय? मी एकदा, एकदाच मान वर करून नीट पाहिलं असतं तर तीळ तरी कळला असता.

एक मात्र कबूल करते. ते पैठणीतलं परकं धड बुधवारी खिळ्यावर लागणार नाही. खिळा रिकामा राहिला तरी चालेल, मंगलाताईंचं मी ऐकून घेईन. आज रंगाची डबी उघडून ठेवलीय. जे चित्र होईल ते हार घालायला मी देणार नाही. मागच्या पडवीत, तुम्ही वांगी निवडायच्या त्या फळीवर ते राहील, तिथलं ऊन खात. आणि पुन्हा कुठं बोलायला गेले तर तुमचं नाव आधी घेईन.

तुम्ही स्वप्नात येता, पण तिथंही पाठमोऱ्या. ढीग पुढ्यात, मान खाली. मी हाक मारते, तुम्ही निवडत राहता. पुढच्या वेळी आलात तर एकदा तोंड इकडे करून बसा ना. थोडाच वेळ. नाही बसणार, मला ठाऊक आहे.

तरी बसा.

तुमची,
जोती