‘शून्याचा उंबरा’बद्दल निपाणीकरांचं मत

वडगाव, बेळगाव
२ फेब्रुवारी १९८६

ती. अंजनाआक्कास,
धाकट्या सिद्रामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. टेलिफोन एक्स्चेंजमधली माझी ड्यूटी आता सकाळची झाली, त्यामुळे दुपार मोकळी मिळते. त्या मोकळ्या दुपारींतून ती वस्तू एकदाची तयार झाली, जिच्यावरून तू दिवाळीत मला, बाळंतपण लई लांबलं रं, म्हणून चिडवत होतीस. सोबतच्या पार्सलात सहा कॅसेटी आहेत. नाव ‘शून्याचा उंबरा’. नाव वाचून तू हसलीस ते मला इथून दिसतंय.

हे रॉक संगीत आहे, पण नेहमीचं नव्हे. ताल धरायला जाऊ नकोस, सापडणार नाही. गिटार माझी आहे, काही ठिकाणी चमच्यानं वाजवली आहे. ड्रमवर माझा दोस्त कृष्णात. मध्ये मध्ये खरे आवाज घातले आहेत, मागांचे, एस.टी.चे, नळावरचे.

आता कामाचं. बंगळूरची एक कॅसेट कंपनी याच्या हजार प्रती काढायला तयार आहे, पण तिथल्या साहेबांना आधी गावोगावच्या साध्या श्रोत्यांची मतं लेखी हवीत. वडगावची मी गोळा करतोय. मागच्या घरच्या विणकरांचं मत असं की माझा माग बिघडलाय, फिटर बोलवावा. निपाणी तुझ्याकडे. मतं जशीच्या तशी लिही, पदरचं काही घालू नकोस. आईला मात्र इतक्यात ऐकवू नको. तिच्यासाठी त्यात एक गंमत आहे, ती मी आलो की स्वतः ऐकवीन.

दाजींना जयभीम. तुझा लोभ आहेच, मतं लिहिताना तेवढा बाजूला ठेव आणि लिहून झाली की परत घे.

तुझा
सिद्राम


निपाणी
१२ फेब्रुवारी १९८६

चि. सिद्रामास,
आक्काचा जयभीम व अ. आ.

पार्सल पोचलं. कॅसेटी सहाच्या सहा धडधाकट आहेत. आतला आवाज तसा का आहे, याचा तपास निपाणीत चालू आहे.

तू मतं जशीच्या तशी मागितलीस, तेव्हा रडायचं नाही. रेडिओ दुरुस्तीवाल्या यल्लाप्पानं कॅसेट लावली, अर्धा मिनिट ऐकली, काढली, हेड स्पिरिटनं पुसलं, परत लावली. मग त्यानं आपला टेपरेकॉर्डर खोलला. त्याचे स्क्रू निम्मे निघाल्यावर मला दया आली आणि मी सांगितलं की हे मुद्दामच असं केलंय. तो स्क्रू परत बसवत कन्नडमध्ये ‘छलो ऐती’ म्हणाला. मी हरखले. नंतर कळलं, तो कॅसेटच्या डबीला चांगली म्हणत होता.

शेजारच्या गुणाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं की कुणाला दवाखान्यात नेताय, मी येऊ का सोबतीला. आमच्या शाळेच्या बाईंनी पहिली बाजू हात जोडून, पाठ ताठ ठेवून, प्रार्थनेसारखी ऐकली, आणि संपल्यावर विचारलं की माइक टेस्टिंग झालं असेल तर कार्यक्रम कधी सुरू होणार. तुझे दाजी दुसऱ्या तुकड्याला झोपले. हे वाईट मत समजू नकोस. गेल्या मंगळवारपासून ते रोज जेवणानंतर स्वतः होऊन लावतात.

खरोखर आवडलं ते माझ्या चौथीच्या वर्गाला. ‘ध्वनी’चा पाठ चालला होता म्हणून पाच मिनिटं लावली. एक मुलगी म्हणाली, गिरणीचा पट्टा सुटला की असंच वाजतं. मग एकतीसच्या एकतीस पोरं नाचली. ती आवरताना माझा घसा बसला.

माझं मत विचारशील तर, एस.टी. सुटते तो तुकडा. तू पहिल्यांदा बेळगावला गेलास तो दिवस आठवला. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, आणि कंपनीच्या साहेबांनाही कळवायचं कारण नाही.

जाता जाता एक. आईनं कपाटातली कॅसेट स्वतः काढून घेतली. मी नको म्हटलं, तर माझ्या लेकाची हाय, मी न्हाय ऐकायची तर कुणी, म्हणाली. उद्या बिडी कारखान्यात नेणार आहे. तिथं काम करताना टेप लावतात. पदराखाली धरून असं चाललंय, जणू तुझी मार्कलिस्ट आहे.

प्रकृतीला जप. चमचे जेवायला वापरावेत. माया कमी झालेली नाही, कान तेवढे थोडे कमी झालेत.

तुझी
आक्का


वडगाव, बेळगाव
१५ फेब्रुवारी १९८६

ती. आक्कास,
स. जयभीम, वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. आईला थांबव! हे लिहितोय खरा, पण तेरा तारीख उलटून गेली. मी टेलिफोनवाला, आणि आमच्याच गल्लीत फोन नाही.

तुमची मतं वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नसतं, पण त्याच टपालानं दुसरं काही आलं. साहेबांनी आपली कॅसेट बंगळूरच्या एका इंग्रजी पेपरला दिली होती, तिच्यावर चार परिच्छेद छापून आलेत. कात्रण सोबत आहे. मराठीत सांगायचं तर तो पेपरवाला म्हणतो, शेवटच्या तुकड्यात सीमाभागातल्या एका जोगतिणीच्या अंगात देवी आली आहे, ती पावसासाठी देवीला हाका मारते आहे, आणि ते ऐकताना अंगावर काटा येतो. साहेब खूश. आता त्यांना मतंबितं काही नको. कॅसेटच्या वेष्टनावर त्या जोगतिणीचं चित्र आणि तिच्या हातात परडी, एवढंच हवं आहे. बावीस मार्चला इथल्या शहापुरात आमचा कार्यक्रमही ठरला.

तो आवाज कुणाचा हे तू ओळखलंच असशील. दिवाळीत नळावर टेप केला होता. पेपरवाला चुकला हे खरं, पण त्याची चूक आपल्या पथ्यावर पडली. मी दुरुस्त करत बसलो नाही. आईला आनंदच होईल, नाही का?

राग आला तरी उत्तर धाड. तुझ्या उत्तराशिवाय मला करमत नाही.

तुझा
सिद्राम


निपाणी
१९ फेब्रुवारी १९८६

चि. सिद्राम,
आशीर्वाद नंतर. आधी वाच.

तेराला कारखान्यात कॅसेट लागली. चाळीस बायका मांडीवर सुपं घेऊन बिड्या वळत होत्या. पहिली बाजू त्यांनी सोसली, कारण आई मध्ये बसून एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. दुसऱ्या बाजूला शेवटी गिटार थांबली आणि आईचा आवाज आला. हात थांबले. कोंडाबाई टेपात बोलतीया म्हणून बायका लोटपोट हसल्या. आईसुद्धा हसली. मग पुढचं वाक्य आलं. ल्योक इचारत न्हाय, आन् सात घागरी भरतीस कुणासाठी?

ते कुणाला म्हटलेलं आहे हे चाळीसही जणींना ठाऊक आहे. मालुबाई आईच्या शेजारीच बसली होती. वीस वर्षं एकीनं पानं कातरायची आणि दुसरीनं वळायची, असं त्यांचं चाललंय. दिवाळीतलं ते नळावरचं भांडण मिटवायला आईला महिना लागला होता. मालुबाईनं सूप उचललं आणि पार दाराशी जाऊन बसली. अजून तिथंच बसते.

आणि त्यावर तुझं कात्रण. मी ते आईला वाचून दाखवलं, कारण लपवायला मला जमत नाही. जोगतीण हा शब्द ऐकून ती भिंतीला टेकून बसली. तुला माहीत आहे, तिच्या मावशीला सातव्या वर्षी देवीला सोडलं होतं. तुला हेही माहीत आहे की लग्न होऊन आल्या वर्षीच आईनं या घरातली परडी यमगर्णीच्या पुलावरून वेदगंगेत टाकली आणि सासऱ्यांनी दोन दिवस तिला घरात घेतलं नव्हतं. त्या बाईच्या अंगात तू देवी आणलीस. पेपरवाला परका होता, त्याला कन्नड नाही, मराठी नाही. तुला दोन्ही येतात.

आणखी एक विचारते. नळावर मालुबाईनं उत्तर दिलं होतं, मी पायरीवर उभी होते, मी ऐकलंय. ते कॅसेटात का नाही?

आई पत्र सांगणार आहे, ते वेगळं पाठवते.

आक्का


निपाणी
२१ फेब्रुवारी १९८६

चि. सिद्राम,
आईचा जयभीम. मी सांगतो, अंजना लिवतीया.

मी बरी हाय. जेवतो. कामाला जातो. गल्लीत पोरं मला बघून घुमाया लागल्यात, त्यांना वाटतंय माझ्या अंगात येतं. दोघांना चपलीनं हानलं. (खरं आहे. तिसऱ्याला नेम चुकला. - आक्का)

माझा आवाज घेतलास, इचारलं न्हाईस. लेकानं आईचं काय बी घ्यावं, त्येचं मला काय न्हाय. पर मालीचं तू कशाला कापलंस? भांडण दोघीनं केलं. तू एकलीचंच लावलंस. आता ऐकणाऱ्याला वाटतं, मी वराडली आन् मालीला जवाब न्हवता. तिचा जवाब माझ्या ध्यानात हाय. तुझ्या बी असंल.

त्या पेपरवाल्याला लिव, कोंडाबाई बिड्या वळती, देवीला वळत न्हाय. चित्रबित्र काय काढायचं न्हाय. आन् आख्खी टेप धाड मालीला. आदी टेप, मग तोंड दाखव.

उन्हाचं हिंडू नगं. ताक पीत जा. मी तुझ्यावर रागावलीया, पर माया हाय तेवढीच हाय, ती काय टेपावानी कापता येत न्हाय.

कोंडाबाई
(अंगठा नाही, सही केली आहे. रात्रशाळेत शिकलेली. - आक्का)


वडगाव, बेळगाव
२ मार्च १९८६

ती. मालुमावशीस,
शि. सा. न.

हे पत्र अंजनाआक्का कारखान्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवेल. मीच तसं सांगितलं आहे.

सोबतच्या टेपमध्ये नळावरचं सगळं आहे, एक अक्षर कापलेलं नाही. तुमचं उत्तर मी ब्लेडनं कापलं होतं. कृष्णातला सांगितलं की तुकडा लांबतोय. स्वतःलाही तेच सांगितलं. खरं कारण तुम्हांला ठाऊक आहे. तुम्ही आईला म्हणाला होतात, माझा ल्योक इचलकरंजीत हाय म्हणून इचारत न्हाय, तुझा तर दारात हुबा हाय मशिन धरून, दे की त्येच्या हातात घागर. आईच्या कमरेवर तेव्हा तिसरी घागर होती. मी आवाज नीट येतोय का ते बघत होतो.

पेपराला पत्र लिहिलं. त्यांनी ते छापलं नाही, म्हणून तेच पत्र कार्यक्रमाच्या जाहिरातीखाली छापून घेतलं. कंपनीच्या साहेबांना कळवलं की बाई जोगतीण नाही, माझी आई आहे, आणि भांडण पाण्यावरून आहे. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. साध्या भांडणाची कॅसेट कोण घेणार, म्हणतात. हजार प्रती गेल्या. पहिला दिवस वाईट गेला, नंतर हलकं वाटलं. आता आम्हीच शंभर काढतोय. त्यात तुमचं उत्तर असेल, पण तुम्ही हो म्हणालात तरच. नाही म्हणालात तर तो तुकडाच काढून टाकीन, आईचाही.

कार्यक्रम ठरल्या दिवशीच आहे. माझ्यावर रागवायचा तुमचा हक्क आहे. आईवर तेवढा नको.

तुमचा
सिद्राम


निपाणी
११ मार्च १९८६

चि. सिद्रामास,
जयभीम व अ. आ., मागचे राहिलेले धरून.

शनिवारी मी शाळा सुटल्यावर कारखान्यात गेले. पत्र वाचलं. वाचताना मी दोनदा थांबले, बायकांना वाटलं तुझं अक्षर वाईट आहे. मालुबाई दाराशी पाठमोरी होती. टेप लावली. आईचं बोलणं झालं, आणि मग मालुबाईचं उत्तर आलं. अरे, काय आवाज आहे तो! मागच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली असतील. घागर दे त्येच्या हातात, हे आलं आणि कुणी हसलं नाही. आई उठली, सूप घेतलं, दाराशी जाऊन मालुबाईशेजारी बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की मालीचं त्या दिशी बराबर होतं, आन् माझं ते लेकाचं बोलणं वाईट होतं. मालुबाईनं आईच्या सुपातली पानं ओढून घेतली आणि कातरायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, परत लाव गं अंजना. तीनदा लावली.

तिनं परवानगी दिली आहे. अट एकच. पहिली कॅसेट इचलकरंजीला तिच्या लेकाच्या पत्त्यावर जायला हवी. इचारत न्हाय तर न्हाय, ऐकंल तरी, म्हणाली. पत्ता मागे लिहिला आहे. ही एक कामगिरी विसरलास तर मी तुला ओळखत नाही.

आता मतं. चाळीस बायकांचं एकमत आहे की मालुबाईचा आवाज कोंडाबाईपेक्षा सरस आहे. यल्लाप्पानं दुकानाबाहेर लावली, त्याच्या गिऱ्हाइकांचंही तेच. परिणाम असा की तीनच दिवसांपूर्वी गोड झालेली आई कालपासून मालुबाईशी परत बोलत नाही. मालुबाई वेष्टनावर आपलं नाव आधी मागते. तू काय ते ठरव, मी या दोघींच्या मध्ये पडणार नाही.

बावीस तारखेला दोघीही पहिल्या एस.टी.नं येणार आहेत, वेगवेगळ्या बाकांवर बसून. दाजी येतील, पण त्यांना कडेची खुर्ची दे, झोपले तर मान टेकायला भिंत हवी. आई तुझ्यासाठी चटणी आणते आहे.

काल मी तिला सरळच विचारलं की भांडणाचं राहू दे, पण तुझ्या लेकाचं संगीत तुला कसं वाटलं, ती गिटार, ते ड्रम. तिनं नीट विचार केला. बिडीला दोरा बांधला, दातानं तोडला, आणि म्हणाली, पोरगं वाजवतंय चांगलं, पर मधी मधी आमाला बोलूच देत न्हाय.

तुझी
आक्का