दोरीवरची वर्दी

सोनम,

वाडीत तुझा सत्कार झाला तेव्हा टाळ्या मी पण वाजवल्या. पण सरावात धावताना तुझ्या पुढं मीच असायची, हे कुणी बोललं नाय.

आजोबांनी काकाला, तुझ्या बाबाला, शाळेत घातलं, माझ्या बाबाला वीटभट्टीवर नेलं. काकाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘कातकरी’ लिहिलेलं, म्हणून तुला जातीचा दाखला मिळाला आणि तू पोलीस झालीस.

तहसीलातला कारकून मला म्हणाला, “चुलत्याचा शाळेचा दाखला आण, चालतो.” कामोठ्याला तुझ्या दारापर्यंत आले. दोरीवर तुझी वर्दी वाळत होती. तशीच उलव्याला घमेली उचलायला परतले.

काल भरतीच्या अर्जाची मुदत संपली. काकाचा दाखला मागितला असता, तर तू हसत काढून दिला असतास. तेच मला सोसवलं नसतं.

तुझ्याच वयाची,
ललिता